डोंगरदेशी निघालेल्या भाचीस

चि. छोटीस,



तुझे पत्र परवा पावले. लेसोथोच्या डोंगराळ भागात, थाबा-त्सेका जिल्ह्यातील एका शाळेत, गणित शिकविण्यासाठी स्वयंसेविका म्हणून तुझी नेमणूक झाली, हे वाचून तुझ्या आईइतकाच आनंद मला झाला. कारण ज्या मुलखात माझ्या तारुण्यातील उत्तम वर्षे मुलांना शिकविण्यात गेली, त्याच मुलखात आपल्या घरचे माणूस पुन्हा जाऊन राहील, हा योग मी मनात कधी धरलाही नव्हता. पत्राच्या उत्तरार्धात, तेथील लोकांना आपण काय काय देऊ शकू याची जी लांबलचक यादी तू केली आहेस, वाचनालय, परसबागा, संगणकांची खोली, स्त्रियांसाठी शिवणकामाचा उद्योग, ती मी लक्षपूर्वक वाचली. तिच्यातील एकही कल्पना वाईट नाही, आणि तिच्यामागची तुझी तळमळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तरीही माझे सांगणे असे की, ती यादी पेटीच्या तळाशी ठेव आणि निदान पहिले वर्षभर तिला हात लावू नकोस. गणित पहिल्या तासापासून उत्तम शिकव, कारण त्यासाठीच तुला बोलाविले आहे. पण शाळेबाहेर त्या वर्षात तुला साध्य करावयाची विद्या एकच, आणि ती देण्याहून पुष्कळ अवघड आहे: दुसऱ्याचे घेता येणे.

हे मी का म्हणतो ते उमगण्यासाठी त्या देशाचा थोडा पूर्ववृत्तांत तुला ठाऊक असला पाहिजे. चोहोबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, आणि समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरांच्या खाली ज्याची टीचभरही जमीन नाही, असा हा देश. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, युद्धांनी आणि दुष्काळांनी उधळलेल्या टोळ्यांना थाबा बोसिऊच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर आश्रय देऊन मोश्वेश्वे या राजाने बसोथो राष्ट्र घडविले. १८३३ साली तेथे जे पहिले फ्रेंच मिशनरी आले, ते त्याने स्वतः होऊन बोलावणे धाडले होते म्हणून आले. परकीयांपासून काय घ्यावयाचे आणि काय नाही, याचा विवेक त्या राजाजवळ पुरेपूर होता. त्या मिशनच्या मोरिया येथील छापखान्यातून पुढे सेसोथो भाषेतील वाङ्मय बाहेर पडले, आणि थॉमस मोफोलो याची ‘चाका’ ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा, ज्यांना आजवर कोणी काही शिकविलेच नाही अशा लोकांत आपण चाललो आहोत, ही समजूत मनात असेल तर ती मुंबईच्या विमानतळावरच सोडून जा.

पश्चिमेकडील सुपीक जमीन बोअर लोकांनी लढायांत बळकावली, उरलेल्या मुलखाच्या रक्षणासाठी राजाने १८६८ साली इंग्रजांचा आश्रय घेतला, आणि ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या वाट्यास मुख्यतः डोंगर आले. पोट भरण्यास पुरेशी जमीन नाही म्हणून पिढ्यान् पिढ्या तेथील पुरुष सीमेपलीकडील सोन्याच्या खाणींत जात राहिले. एके काळी त्यांची संख्या लाखाच्या वर होती. पुढे खाणींतून माणसे कमी करण्यात आली, आणि आता कित्येक घरांचा आधार मासेरू व मापुत्सो येथील कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींवर आहे. तुझ्या वर्गातील एखाद्या मुलाचा बाप कोठे आहे असा प्रश्न सहज तोंडातून निघण्यापूर्वी हा सारा इतिहास आठव.

आता तुझ्याच जिल्ह्यात घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात माझ्या साऱ्या उपदेशाचे मूळ आहे. १९७५ च्या सुमारास जागतिक बँक आणि कॅनडा यांच्या साहाय्याने थाबा-त्सेका येथे एक मोठी विकासयोजना सुरू झाली. हा डोंगरी शेतकरी बाजारापासून तुटलेला आहे, त्याला रस्ता, सुधारलेली जनावरे आणि चराईची नवी पद्धत दिली की तो गुरे विकून सधन होईल, असा तिच्या कर्त्यांचा सिद्धांत होता. रस्ता झाला, कचेऱ्या उठल्या, तज्ज्ञ आले. लोकांनी मात्र गुरे विकली नाहीत, आणि १९८४ मध्ये योजनेचा गाशा गुंडाळला गेला. जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या आपल्या ‘द अँटी-पॉलिटिक्स मशीन’ या ग्रंथात याचे जे कारण उलगडून दाखविले आहे, ते जाण्यापूर्वी अवश्य वाच. खाणीत राबणाऱ्या पुरुषाने पगारातून घेतलेली गाय ही त्याच्या म्हातारपणाची ठेव होती. रोख पैसा घरच्या नित्य गरजांत विरघळून जातो, पण मोठ्या अडचणीवाचून गुरे मोडू नयेत असा लोकाचार असल्यामुळे ती ठेव सुरक्षित राहते, आणि मालक परमुलखी असला तरी ती गुरे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वापरावयास देऊन त्याचे गावातील नाते जिवंत राहते. ज्याला तज्ज्ञ अडाणी हट्ट समजत होते, तो पूर्ण विचारान्ती केलेला व्यवहार होता. असा व्यवहार अहवालांतून नव्हे, तर चुलीजवळ बसून, कोणाच्या घरचे अन्न खात, हळूहळू कळतो. आणि अन्न खाण्यासाठी आधी ते आपुलकीने घेता आले पाहिजे.

तुला बहुधा एखाद्या कुटुंबाच्या अंगणातील गवताने शाकारलेली गोल झोपडी राहावयास मिळेल. त्या घरच्या कर्त्या बाईला ‘म्मे’ म्हण, पुरुषाला ‘न्ताते’. तुझ्या वयाच्या मुलींना ‘आउसी’ आणि मुलांना ‘आबुती’. आपल्याकडे जसे कोणाही वडील माणसाला काका-मावशी म्हटल्यावाचून बोलणे कोरडे वाटते, तसेच तेथेही आहे, म्हणून तुला हे जड जाणार नाही. वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला थांबून ‘डुमेला’ म्हण, प्रकृतीची विचारपूस कर, त्याने केलेली ऐकून घे, आणि मगच कामाचे बोल. गावात पाऊल ठेवल्यावर दुसरे काही करण्यापूर्वी गावच्या मोरेनाकडे, म्हणजे परंपरेने गावाचा कारभार पाहणाऱ्या नाईकाकडे, रीतसर जाऊन हजेरी दे. सरकारी हुकूम तुझ्यापाशी असेल. तथापि गावात राहण्याची खरी परवानगी तो देतो, आणि गाव तुझी जबाबदारी घेते ते त्या भेटीपासून. कोणी तुला सेसोथो नाव ठेवील, तेही आनंदाने स्वीकार.

जेवणात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला पापा आणि मोरोहो म्हणजे चिरून शिजविलेली पालेभाजी ही नित्याची. ज्वारीच्या पिठाचे आंबवून केलेले मोतोहो तू पहिल्यांदा चाखशील तेव्हा आपल्याकडची आंबील आठवेल. कोणाच्या दारावर काठीला पांढरे फडके लावलेले दिसले, तर तेथे घरी केलेली ज्वारीची दारू विकावयास आहे असे समज. हिरवे असले तर भाजी, तांबडे असले तर मांस. तू मांस खात नाहीस, हे पहिल्याच दिवशी नम्रपणे आणि स्पष्ट सांगून टाक, म्हणजे तुझ्यासाठी कोंबडी कापली जाण्याचा प्रसंग येणार नाही. पण जे तुझ्यासाठी पानात येईल ते दोन्ही हातांनी घे, आणि ‘यांच्याकडेच कमी, यांचे कसे घ्यावे’ असा विचार चेहऱ्यावरदेखील दिसू देऊ नकोस. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानलेले नसते, आणि हे समोरच्या माणसाला आपल्याआधी कळते. परक्या शिक्षकांत आणि स्वयंसेवकांत पुष्कळ सज्जन मी पाहिले, ज्यांनी गावाला भरपूर दिले आणि ज्यांना गावाने केवळ आदराने निरोप दिला. आणि थोडे असेही पाहिले की ज्यांनी शेजारणीकडून मीठ मागितले, आजारात तिची शुश्रूषा घेतली, तिच्या नातवाला अंकगणित शिकविले, आणि ज्यांच्याविषयी गावातील बायका वर्षानुवर्षे ‘आमची मुलगी’ म्हणून बोलत राहिल्या. तुझ्या बाबतीत माझी इच्छा कोणती, हे सांगावयास नको.

प्रवासाविषयी तू काही विचारले नाहीस, पण त्या देशात प्रवास हीच एक शाळा आहे. मासेरूहून थाबा-त्सेकाकडे जाणारी छोटी बस भरल्यावाचून सुटत नाही, आणि ती भरण्यास किती वेळ लागेल हे चालकालाही सांगता येत नाही. पिठाची पोती, घोंगड्या, कोंबड्या आणि लेकरे यांच्यात तासन् तास बसून राहावे लागते. त्या वेळात हातातल्या यंत्रात डोके घालून बसू नकोस. शेजारणीचे मूल मांडीवर घे, तिने पुढे केलेले भाजलेले कणीस घे. माझे निम्मे सेसोथो अशाच थांबलेल्या गाड्यांत झाले. पुढे रस्ता ‘मोलिमो न्थुसे’, म्हणजे ‘देवा, मला साह्य कर’, या नावाच्या खिंडीतून चढतो, आणि ते नाव सार्थ आहे. जून ते ऑगस्ट हा तेथला हिवाळा. बर्फ पडून खिंडी बंद होतात, तेव्हा पीठ, रॉकेल आणि औषधे आधीच भरून ठेव. उन्हाळ्यात वळवासारखी वादळे येतात. वीज कडाडू लागली की उघड्या कड्यावरून चालू नकोस, आणि ओढ्याला पूर आला असेल तर पलीकडे शाळा आहे म्हणून त्यात पाय घालू नकोस. दूरच्या वस्त्यांना जाण्यासाठी ठेंगणे, काटक बसोथो घोडे आहेत. घोड्याला वाट माहीत असते, लगाम सैल सोड.

मासेरूच्या पुलावरून मोहोकारे नदी ओलांडून तू फ्री स्टेट प्रांतात सहज जाऊन येशील. त्या प्रांतात १८९१ च्या कायद्यान्वये हिंदी माणसाला वास्तव्यास मनाई होती, आणि ती थेट १९८६ साली उठली. त्या वाटेने जाताना क्षणभर हे आठव. तुला सुखाने मिळालेला रस्ता कोणाच्या तरी झगड्याने मोकळा झालेला आहे.

तुझ्या वर्गात मुलांपेक्षा मुली अधिक दिसतील, कारण कित्येक मुलगे अगदी लहानपणापासून डोंगरमाथ्यावरील कुरणांत गुरे राखीत असतात. असा एखादा मुलगा उशिरा, तुझ्याच उंचीचा होऊन, खालच्या वर्गात येऊन बसला तर त्याच्या वयाचा उल्लेखही करू नकोस. बर्फात आणि अंधारात शेकडो मेंढ्यांचा हिशेब तोंडी ठेवणारा तो मुलगा, नीट शिकविलास तर, बीजगणितात सर्वांच्या पुढे जाईल. मुलांच्या दीक्षाविधीच्या काळात ज्या वाटांवर जाण्यास गाव मना करील, तेथे जाऊ नकोस, आणि त्याविषयी चौकशी करू नकोस.

आणखी एक गोष्ट लिहिताना मन जड होते. तेथे प्रौढांपैकी सुमारे पाचांतील एक एचआयव्हीने बाधित आहे. उपचारांनी आता पुष्कळांचे आयुष्य वाढले, तरी आजीने वाढविलेली अनेक मुले तुझ्यापुढे बसतील. अंत्यविधी बहुधा शनिवारी होतात, आणि तुझे पुष्कळ शनिवार त्यांत जातील. टाळू नकोस. कोण कशाने गेले हे विचारू नकोस. बायकांबरोबर पापाच्या मोठ्या तिपायी हंड्यापाशी उभी राहा, सांगतील ते काम कर, आणि खांद्यावर घोंगडी घेतल्यावाचून जाऊ नकोस. ती घोंगडी येथून नेऊ नकोस; तेथेच, घरच्या म्मेला बरोबर घेऊन, विकत घे, आणि तिच्यावरची रेघ उभी राहील अशी कशी पांघरावयाची ते तिच्याकडूनच शीक.

वर्ष सरल्यावर तुझी यादी पुन्हा काढ. गावच्या पित्सोत, म्हणजे सर्वांच्या सभेत, तोवर तुला लोकांचे बोलणे समजू लागलेले असेल. लोक स्वतः होऊन ज्या गोष्टीचा उल्लेख करतील, तिच्यापुढे खूण कर; उरलेल्या खोडून टाक. कदाचित शिवणाच्या उद्योगाऐवजी त्यांना झऱ्याभोवती भिंत हवी असेल, किंवा निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देणारे कोणी. जे हवे असेल ते कर, आणि तेही त्यांच्यापैकी कोणाच्या हाताखाली राहून कर.

माझी जुनी सेसोथो शब्दांची वही मी तुझ्या आईकडे धाडली आहे. अक्षर पुसट झाले आहे, म्हणून निघण्यापूर्वी तिची नक्कल करून घे. उच्चारांविषयी शंका आल्यास दूरध्वनी कर, मी संध्याकाळी घरीच असतो. पोचल्याचे पत्र मासेरूहून लिही, पण दुसरे पत्र गावी जाऊन एक महिना झाल्यावरच लिही, आणि त्यात तू काय केलेस याऐवजी तुला कोणी काय दिले ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा