सैल स्टिअरिंग : आधी दोष शोधा, मग पाना लावा



कापूरहोळ हा पुणे-सातारा महामार्गावरचा फाटा. येथून एक रस्ता भोरमार्गे वरंधा घाटातून महाडकडे उतरतो, दुसरा नारायणपूरवरून सासवडला जातो. भोर भागातील भात, भाजीपाला व दूध वाहणाऱ्या अनेक जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर येथेच महामार्गाला लागतात. खाचरात पुढचे चाक वीतभर भरकटले तर फार तर बांध खचेल. महामार्गावर किंवा घाटाच्या वळणावर तेवढ्याने समोरच्या वाहनाशी गाठ पडते. म्हणून "थोडा प्ले आहे, चालतंय" असे म्हणून सैल स्टिअरिंग पुढच्या हंगामावर ढकलू नये.

प्रथम सैलपणा मोजावा. गाडी सपाट जागी उभी करून पुढची चाके सरळ ठेवावीत. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. स्टिअरिंगच्या कडेवर खडूने खूण करावी. आता ते डावीकडे हलकेच फिरवावे आणि पुढचे चाक हलू लागताच थांबावे. मग तसेच उजवीकडे. या दोन जागांमधील अंतर म्हणजे मोकळी फिरकी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 प्रमाणे ती 30 अंशांहून जास्त असता कामा नये. घड्याळात एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत जेवढा कोन, तेवढाच हा. 40 सें.मी. व्यासाच्या स्टिअरिंगवर तो कडेने सुमारे साडेदहा सें.मी. भरतो. पण ही कायद्याने घातलेली शेवटची हद्द आहे, सुस्थितीची खूण नव्हे. लहान मोटारीत दोन-तीन सें.मी. पेक्षा जास्त फिरकी आढळली तर गाडी तपासणीस न्यावी.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो सैलपणा नव्हे. तेथे टायरमधील हवा, ब्रेक व अलाइनमेंट पाहावे. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकाच्या बॅलन्सचा संशय घ्यावा. आपल्याकडे चिखलणीच्या दिवसांत याचे एक साधे कारण असते : रिमच्या आतल्या बाजूस वाळून बसलेला चिखल. आधी तो धुऊन काढावा.

जीप किंवा जुन्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग सैल झाले की गॅरेजमध्ये बहुधा पहिला हात जातो तो स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूवर. स्क्रू आवळला की फिरकी कमी वाटते आणि मालक समाधानाने घरी जातो. पीक पिवळे दिसले की कारण न पाहता युरिया टाकण्यासारखेच हे आहे. मुळे पाण्यात कुजली असतील तर युरिया काय करणार? बॉक्समधील दाते मधल्या, म्हणजे गाडी सरळ चालतानाच्या जागी सर्वांत जास्त झिजतात, कडेला कमी. दोष दुसरीकडे असताना स्क्रू आवळत गेल्यास वळणावर स्टिअरिंग जड होते आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. घाटात हे सैलपणाइतकेच घातक आहे.

म्हणून तपासणी पुढच्या चाकाकडून सुरू करून वर बॉक्सकडे न्यावी. चाकाचे नट घट्ट आहेत का व टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, हे पाहावे. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे आणि खाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवरील गाडीखाली कधीही शिरू नये. चाक वरून व खालून धरून हलवावे. खडखड झाली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाची बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. नंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवावे. तेव्हा खेळ जाणवला तर टायरॉड एंडकडे पाहावे.

यापुढची तपासणी दोघांनी करावी. गाडी चारही चाकांवर उभी असताना एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे, दुसऱ्याने बाजूने वाकून सांधे पाहावेत. बोटे सांध्यांत घालू नयेत. ज्या सांध्याच्या एका बाजूचा दांडा हलतो आणि दुसरा मागे राहतो, तो सांधा खराब. बॉक्स चासीवर जेथे बोल्टने बसवला आहे तेथेही पाहावे. कधी कधी बोल्टच ढिले असतात. हे सर्व ठीक असेल तरच बॉक्सचा स्क्रू. तोही चाके सरळ ठेवून, थोडा थोडा, जाणकार मेस्त्रीकडूनच. रॅक-पिनियनच्या मोटारीत स्टिअरिंगच्या दांड्यावरील जोड, रॅकचा बुश आणि टायरॉड एंड हेच बहुधा दोषी असतात.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी. चिखलणीत पुढचा ॲक्सल गाळात बुडतो, पाणी व बारीक माती सांध्यांत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून ती कानशीसारखी घासते. काम चालू असताना रोज सर्व निपलमधून जुने, काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस गन मारावी. ॲक्सलच्या मधल्या पिनचा बुशही विसरू नये. ट्रेलर जोडून चढावर जाताना स्टिअरिंग हलके लागत असेल तर मात्र पाना कामाचा नाही : मागच्या ओझ्याने पुढची चाके उचलू लागली आहेत. तेथे माल कमी करावा, पुढे वजने लावावीत.

बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटले तर लगेच बदलावे. नियम 98 मध्ये या टोपणांचीही सक्ती आहे. झिजलेला सांधा बदलावा, ठोकून घट्ट करू नये. ड्रॉप आर्म किंवा टायरॉड वाकला, चिरला तर गरम करून सरळ करणे, वेल्डिंग करणे टाळावे, नवाच घ्यावा. नटातून काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये आणि तिच्या जागी तार घालू नये. सांधे बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे. मग खडूच्या खुणेने पुन्हा फिरकी मोजून आकडा तारखेसह वहीत लिहावा आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सर्व नट व पिना पुन्हा एकदा पाहाव्यात.