घरच्या राउटरवरील पहारा

जुन्या वाड्यांच्या दरवाजाशीं देवडी असे. तेथील पहारेकरी येणाऱ्यास विचारी: कोठून आलांत, कोणाकडे जावयाचें, काम काय? उत्तर धन्याच्या आज्ञेंत बसलें तर तो आंत सोडी, नाहीं तर परत लावी. हल्लीं घरोघरीं इंटरनेट आणणारा जो राउटर असतो, त्यांतही असा एक पहारेकरी असतो. त्यास फायरवॉल म्हणतात. त्यास आज्ञा कशा द्याव्या, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागलेला असतो. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता, टीसीपी किंवा यूडीपी ही वाहतुकीची रीत, आणि पोर्टाचा क्रमांक असतो. पोर्टाच्या क्रमांकावरून काम कोणतें तें कळतें: संकेतस्थळें सुरक्षितपणें पाहण्यासाठीं ४४३, नांवावरून पत्ता विचारण्यासाठीं ५३, घड्याळ जुळविण्यासाठीं १२३. या खुणा सांगून पुढें ‘सोड’ किंवा ‘अडव’ असें लिहिलें म्हणजे नियम झाला.

एवढा खटाटोप कां करावा, असें पालक विचारतील. २०१६ सालीं ‘मिराय’ नांवाच्या एका उपद्रवी प्रोग्रामनें, कारखान्यांतून आलेले पासवर्ड ज्यांत तसेच राहिले होते असे लाखों कॅमेरे व राउटर हस्तगत केले. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अशा साधनांकरवीं अमेरिकेंतील डाइन कंपनीवर मारा झाला व कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळें कांहीं तास उघडेनाशीं झालीं. साधनांच्या बहुतेक मालकांस याची वार्ताही नव्हती.

म्हणून आम्हीं आमच्या दारावरील कॅमेऱ्यापासून आरंभ केला. प्रथम त्याचा पासवर्ड बदलला. मग त्याचा पत्ता रोज बदलूं नये म्हणून राउटरमध्यें १९२.१६८.१.५० हा पत्ता त्याच्यासाठीं राखून ठेविला. नंतर चार नियम लिहिले:

१. कॅमेऱ्याकडून बाहेर, यूडीपी १२३: सोड.
२. कॅमेऱ्याकडून बाहेर, सर्व कांहीं: अडव.
३. घरांतील इतर साधनांकडून बाहेर: सोड.
४. बाहेरून आपण होऊन आंत येणारें सर्व: अडव.

चौथ्या नियमानें संकेतस्थळें बंद पडत नाहींत. कारण आंतून कोणीं काय विचारलें हें पहारेकरी लक्षांत ठेवतो व त्याचें उत्तर आंत येऊं देतो.

येथें एक गोष्ट मनांत ठसविली पाहिजे. बहुतेक राउटर ही यादी वरून खालीं वाचतात, आणि जो नियम प्रथम लागू पडेल त्यावरच निकाल देतात. आमच्या हातून आरंभीं दुसरा नियम पहिल्याच्या वर लिहिला गेला. एके दिवशीं वीज गेली; ती आल्यावर कॅमेऱ्याचें घड्याळ मूळच्या तारखेवर गेलें, व बाहेर वेळ विचारण्याची त्यास सोय उरली नाहीं. पुढें फाटकांतून मुलाची सायकल चोरीस गेली. चित्र होतें, परंतु त्यावरील तारीख व वेळ इतकी चुकीची होती कीं, चोरी नेमकी केव्हां झाली हें कोणासच सांगतां येईना. दोन ओळींची अदलाबदल केली असती तर हा प्रसंग टळला असता.

तेव्हांपासून आम्ही तीन गोष्टी पाळतों. नियम बदलण्यापूर्वीं जुन्या मांडणीची प्रत जपून ठेवतों. एका वेळीं एकच नियम लिहून तो लागलीच पारखून पाहतों. आणि आयपी आवृत्ति ६ चालू असल्यास तिच्यासाठींही तेच नियम वेगळे लिहितों. नाहीं तर पुढचें दार लावून मागचें उघडें टाकल्यासारखें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, हा पहारेकरी आज्ञेबाहेर कधीं जात नाहीं; पण आज्ञेमागील आपला हेतूही त्यास कळत नाहीं. म्हणून घरांत कांहीं बिघडलें तर राउटरवर रागावण्याआधीं आपणच लिहिलेली यादी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचावी.