पदवी जर्मनीची, परवाना कोणता?

जर्मन विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तिथे दोन वर्षे योग्य नोकरी केल्यावर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे नीडरलासुंग्सएरलाउब्निस, मागता येतो. कागदावर ही वाट सरळ दिसते. तरीही सहा-सात वर्षे राहून, पीएच.डी. पूर्ण करूनही परवान्यापासून दूर राहिलेले भारतीय जर्मनीत नवलाचे नाहीत. त्यांची चूक बहुधा पहिल्याच वर्षी झालेली असते आणि ती पाचव्या वर्षी कळते. कायदा मुख्यतः दोन गोष्टी मोजतो: हातातला निवास परवाना कोणत्या कलमाखालचा होता, आणि सरकारी पेन्शन विम्यात किती महिन्यांचे हप्ते जमा झाले.

एम.एस्सी.ची वर्षे विद्यार्थी परवान्यावर, म्हणजे निवास कायद्याच्या कलम 16 बी खाली जातात. पाच वर्षांच्या सर्वसाधारण मार्गात ती निम्मी धरतात, पदवीधरांच्या जलद मार्गात मात्र धरतच नाहीत. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. या काळात कोणतेही काम करण्याची मुभा असते आणि घसरण इथेच सुरू होते. गोदामात किंवा उपाहारगृहात केलेल्या कामावर भाडे निघते, पण हा काळ नोकरी शोधण्याच्या परवान्यावरचा असल्याने जलद मार्गाच्या मुदतीत मोजला जात नाही. 18 महिने मात्र सरत राहतात. नोव्हेंबर 2023 पासून एक सवलत आहे. नोकरी पदवीच्याच विषयातली असण्याची अट गेली असून ती शिक्षित मनुष्यबळाची असली की पुरते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्याने औषध कंपनीच्या दर्जा-नियंत्रण विभागाची वाट पाहत बसण्यापेक्षा वैद्यकीय सॉफ्टवेअरमधली जागा घेतलेली बरी.

नोकरी मिळाल्यावर दोन वाटा फुटतात. कलम 18 बी खालच्या परवान्यावर जर्मन पदवीधराला दोन वर्षे, पेन्शन विम्याचे 24 हप्ते आणि बी-1 पातळीचे जर्मन लागते. पदवी भारतातली असेल तर तीन वर्षे आणि 36 हप्ते. दुसरी वाट ब्लू कार्डाची: त्यावर 27 महिन्यांनी, आणि बी-1 असल्यास 21 महिन्यांनीच अर्ज करता येतो. ब्लू कार्डासाठी पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते. 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती. निसर्गविज्ञान, गणित, अभियांत्रिकी यांसारख्या टंचाईच्या क्षेत्रांसाठी आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी 43,759.80 युरो. पगाराची बोलणी करताना हा आकडा समोर हवा. हजारभर युरोंनी मर्यादा हुकली आणि कंपनी तेवढी वाढ देण्यासारखी असेल, तर ती मागण्याची वेळ सही करण्याआधीचीच.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पीएच.डी.च्या वाटेवर. जर्मनीत पीएच.डी. दोन प्रकारे होते: विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या नोकरीच्या करारावर, नाहीतर शिष्यवृत्तीवर. करारावरचा पगार सार्वजनिक सेवेच्या ई-13 श्रेणीचा असतो, पण पुष्कळदा अर्ध्या किंवा 65 टक्के वेळेचा, म्हणून ब्लू कार्डाची मर्यादा गाठली जात नाही. तरी त्यातून दरमहा पेन्शन विमा कापला जातो आणि महिने साठत जातात. शिष्यवृत्ती ऐकायला जास्त मानाची वाटते, घरच्यांना सांगायलाही बरी. पण ती पगार नसल्याने तिच्यातून पेन्शनचा हप्ता जात नाही. चार वर्षे शिष्यवृत्तीवर काढलेल्याच्या खात्यात अखेरीस शून्य महिने असतात, आणि शेजारच्या टेबलावर तितकेच काम केलेल्या करारवाल्याच्या खात्यात 48.

यावर एक उपाय आहे, जो विद्यापीठात सहसा कुणी आपण होऊन सांगत नाही. सक्तीचा विमा नसलेल्याला पेन्शन विम्यात ऐच्छिक हप्ते भरता येतात; किमान हप्ता महिन्याला साधारण 100 युरोंच्या घरात आहे. कायम वास्तव्याच्या अर्जात हे हप्ते ग्राह्य धरले जातात. एका वर्षाचे हप्ते पुढच्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंतच भरता येतात, त्यामुळे चौथ्या वर्षी जाग आली तर आधीची वर्षे परत मिळत नाहीत.

पैसे भरले तरी कलमाचा प्रश्न राहतोच. पीएच.डी.चा विद्यार्थी 16 बी वर राहू शकतो किंवा कलम 18 डी च्या संशोधक परवान्यावर. रोजचे जगणे दोन्हीत सारखेच, म्हणून बहुतेकजण व्हिसा अर्जात सुचेल तो रकाना भरतात. जलद मार्गात 18 डी ची वर्षे मोजतात, 16 बी ची मोजत नाहीत. 18 डी साठी संशोधन संस्थेशी यजमान करार लागतो. त्याचे जर्मन नाव आउफनामेफेरआइनबारुंग. प्रवेशपत्र हाती येताच तो विद्यापीठाच्या परदेशी संशोधकांच्या कक्षाकडे मागावा. भारतातून एम.एस्सी. करून आलेली, नोकरीचा करार आणि 18 डी असलेली व्यक्ती बाकीच्या अटी पुऱ्या करत असेल तर प्रबंध सादर करण्याआधीच कायम वास्तव्याचा अर्ज करू शकते. नंतर केलेला अर्ज अवघड जातो, याचे कारण पुढे आहे.

जर्मन विद्यापीठांत वैज्ञानिकांचे करार बहुधा मुदतीचे असतात. विज्ञानातील मुदतबंद करारांचा कायदा पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे असे करार करू देतो. शिक्षण मंत्रालयाने हा कायदा समजावणाऱ्या ध्वनिचित्रफितीत ‘हाना’ नावाची काल्पनिक जीवशास्त्रज्ञ दाखवली होती. 2021 साली हजारो संशोधकांनी ‘मीच हाना’ म्हणत आपली अस्थिरता जाहीर मांडली. परदेशी हानाची अडचण दुप्पट. अर्जदाराचा उदरनिर्वाह सुरक्षित आहे का, हे परदेशी नागरिक कार्यालय पाहते, आणि दोन महिन्यांनी संपणारा करार पाहून अधिकारी हात आखडता घेतात. अर्ज करार ताजा असताना, पण परिवीक्षेचे पहिले सहा महिने उलटल्यावर करावा.

भाषेची अट दिसते साधी, पण अडवते तीच. प्रयोगशाळा इंग्रजीत चालते, बैठका इंग्रजीत होतात, आणि तीन वर्षे ‘सकाळचे नमस्कार’ पलीकडे जर्मन जात नाही. बी-1 प्रमाणपत्राशिवाय 18 बी किंवा 18 डी वरून अर्जच होत नाही; ब्लू कार्डवाल्याला ए-1 पुरते, पण सहा महिने अधिक थांबावे लागते. पुण्यामुंबईत मॅक्स म्यूलर भवन असताना पहिल्या दोन पातळ्या निघण्यापूर्वीच उरकाव्यात. कायदा आणि समाजव्यवस्थेची 33 प्रश्नांची परीक्षाही असते; तिच्यात 15 बरोबर आले की झाले. तिची धास्ती बाळगू नये.

नोकरी मुदतीआधी सुटली तर दोन आठवड्यांच्या आत कार्यालयाला कळवण्याचे बंधन आहे. परवाना संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज पोहोचला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानतात आणि तसे तात्पुरते पत्र मिळते. भेटीची वेळ मिळत नाही म्हणून थांबून राहणे धोक्याचे. अर्ज लेखी पाठवून त्याची पोच जपून ठेवावी.

कायम परवानाही बिनशर्त नसतो. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो. आईवडिलांच्या आजारपणासाठी गावी दीर्घकाळ जायचे असेल तर निघण्यापूर्वी कार्यालयाकडून मुदत वाढवून घ्यावी. युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवास परवाना पाच वर्षांनी आणि 60 हप्त्यांनी मिळतो, आणि संघाबाहेर बारा महिन्यांपर्यंत टिकतो. घराकडे येजा असणाऱ्याला तोच सोयीचा. भारतात परतलेल्यांपैकी काहीजण पेन्शनचे पैसे परत मागतात. रक्कम मिळते, पण आधीचे सगळे विमा महिने पुसले जातात, आणि पुन्हा जर्मनीत आल्यास मोजणी पहिल्या महिन्यापासून सुरू होते.