जादुई शस्त्रांचे नियम लावताना: काय करावे, काय टाळावे

डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती. छत्रपती संभाजीनगरात टेबल मांडणाऱ्या डीएम आणि खेळाडूंसाठी.

काय करावे

• २०१४ चे पुस्तक वापरायचे की २०२४ चे, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. मध्येच बदलले की जुने सगळे निवाडे उकरले जातात.

• फासा टाकण्याआधी शस्त्राचे वर्णन मोठ्याने वाचा, तेही शेवटच्या ओळीपर्यंत. अडचणीची अट बहुधा तिथेच असते.

• शस्त्राचा खास नियम आणि पुस्तकातला सर्वसाधारण नियम यांत विरोध आला, तर खास नियम माना.

• +१ म्हणजे हल्ल्याच्या फाशात एक आणि डॅमेजमध्ये एक, एवढेच धरा.

• ॲट्यूनमेंट लागणाऱ्या शस्त्राला एक पूर्ण शॉर्ट रेस्ट द्या. शस्त्राचे गुण ओळखण्यासाठी घेतलेली रेस्ट त्यात धरू नका.

• ॲट्यून केलेल्या वस्तू मोजा, एका पात्राला तीनच. चौथी हवी तर एक सोडा.

• क्रिट झाल्यावर फक्त फासे दुप्पट करा: पेटलेल्या फ्लेम टंग लाँगस्वोर्डचे १डी८ आणि आगीचे २डी६ यांचे २डी८ आणि ४डी६ होतात, ताकदीचा बोनस एकदाच.

• फ्लेम टंग पेटवताना बोनस ॲक्शन खर्च करा आणि परवलीचा शब्द उच्चारा. म्यान केली किंवा हातातून पडली की ती विझली.

• खेळ देवगिरीच्या अंधारीत नेला असेल, तर या तलवारीचा ४० फूट लख्ख आणि पुढचा ४० फूट मंद उजेड नकाशावर आखा, मात्र भिंतीपाशी थांबवा.

• जादुई धनुष्य आणि जादुई बाण यांचे बोनस मिळवा. ती दोन वेगळी शस्त्रे आहेत.

• जादुई बाण लागला की शीटवरून खोडा. त्याची जादू तिथेच संपते.

• दांडपट्टा हवा असेल तर लाँगस्वोर्डचे आकडे घ्या, आणि पोलादी खोबणीत अडकलेला हात निःशस्त्र करता येतो का, हे लढाईआधी ठरवा. (आमच्या मते नाही.)

• बोलणारी तलवार डीएमकडे द्या; ती स्वतंत्र पात्र असते, खेळाडूचा दुसरा आवाज नव्हे.

• नियम सापडत नसेल तर पाच मिनिटे पाने उलटण्यापेक्षा डीएमचा निवाडा घ्या आणि तारखेसह वहीत लिहा.

काय टाळावे

• वर्णनात नसलेले गुण शस्त्राला चिकटवू नका; ‘जादूची आहे ना, मग होईलच’ हा नियम नव्हे.

• शस्त्राचा बोनस एसी, सेव्ह किंवा मंत्राच्या हल्ल्यात घालू नका.

• १७ अधिक ३ यांना व्होर्पलचे २० म्हणू नका. फाशावरच २० दिसायला हवेत.

• व्होर्पल लागली म्हणून दहा तोंडांचा राक्षस मेला असे जाहीर करू नका: एक डोके उडते, नऊ शिल्लक राहतात.

• आगीचा परिणाम न होणाऱ्या शत्रूपुढे फ्लेम टंगचा अख्खा वार रद्द करू नका; आगीचे फासे वगळा, पात्याचे राहू द्या.

• आधीच जादुई असलेल्या शस्त्रावर मॅजिक वेपन मंत्र टाकू नका. तो साध्या शस्त्रासाठीच आहे.

• तोच मंत्र देवगिरीच्या मेंढा तोफेवरही चालवू देऊ नका. पुस्तकातल्या शस्त्रांच्या तक्त्यात तोफ नाही. कितीही गोड हट्ट केला तरी.

• आयडेंटिफाय मंत्राने शाप उघड होईल असे धरू नका. बहुतेक शाप त्यातून निसटतात.

• ॲट्यून केलेले शस्त्र गावात ठेवून मोहिमेवर जाऊ नका. १०० फुटांपलीकडे २४ तास राहिले की नाते तुटते.

• २०१४ चे राक्षस आणि २०२५ चे मॉन्स्टर मॅन्युअल यांची सरमिसळ करू नका. साध्या शस्त्रांपुरता असलेला प्रतिकार नव्या पुस्तकातून गेला आहे.

• भवानी तलवार किंवा खंडोबाचा खंडा लुटीच्या पेटीत ठेवू नका. लोकांच्या श्रद्धेला +३ लागत नाही.

• चालू लढाईत निवाडा फिरवू नका, तो चुकला असे दिसले तरी. दुरुस्ती पुढच्या बैठकीपासून.

• आपल्या बाजूने लागलेला नियम, तीच तलवार शत्रूच्या हाती गेल्यावर नाकारू नका.

• व्हिडिओतल्या डीएमचा दाखला देऊ नका. तो या टेबलावर बसलेला नाही.

• हरकत असेल तर खेळ उठल्यावर निराला बाजारात चहा पिताना सांगा. रात्री दीड वाजता ग्रुपवर टाकू नका.