श्लीपद-रुग्णाचे घर : लसिकेच्या आरोग्यासाठी गृहपरिसराचा विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात श्लीपदाचे वर्णन करताना दोषांबरोबर देशाचाही स्पष्ट निर्देश केला आहे. जेथे जुने पाणी विपुल साचून राहते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतो, तेथे हा व्याधी विशेषत्वाने उत्पन्न होतो, असा त्या वचनाचा आशय आहे. हे वचन वाचल्यावर वऱ्हाडातील वैद्याच्या मनात साहजिकच शंका येते. आपला प्रदेश कोरडा, उन्हाळा कडक, जमीन काळी आणि कापसाची. मग अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे शासनाच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत कसे आले?

आमच्या मते याचे उत्तर अंजनगाव सुर्जीसारख्या गावात फिरल्यावर सापडते. येथील पानमळे आणि पानपिंपरीच्या बागा या मनुष्याने कष्टपूर्वक निर्माण केलेल्या आनूप भूमी होत. दाट सावली, वारंवार पाणी आणि भर चैत्रातही ओलसर राहणारी माती यांवाचून ही पिके येतच नाहीत. (जी पिप्पली आपण कफघ्न म्हणून योजतो, ती स्वतः मात्र अशा कफकर परिसरातच पोसते, ही मौजेची गोष्ट आहे.) तथापि हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास वाढतो तो मुख्यतः घाण पाण्यात, आणि असे पाणी मळ्यापेक्षा वस्तीतच अधिक असते. मोरीचे सांडपाणी, दारापुढची तुंबलेली नाली आणि संडासाची उघडी टाकी मिळून प्रत्येक घराभोवती एक लहानसा आनूप देश तयार होतो. संहितेतील ‘जुने पाणी’ आज आपल्या अंगणात आहे. म्हणून श्लीपदाचे निदानपरिवर्जन अंगणातूनच सुरू झाले पाहिजे, आणि ते सांगणे चिकित्सापत्राचाच भाग मानावयास हवे.

लसिका आणि संप्राप्ती

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरातील उदकाचे प्रमाण दहा अंजली सांगून, त्वचेखाली राहून व्रणातून स्रवणाऱ्या उदकास लसीका ही संज्ञा दिली आहे. आधुनिक शारीरशास्त्रातील लसिकासंस्था आणि ही लसीका सर्वस्वी एकच आहेत, असा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु रसाचे वहन, उदकाचे धारण आणि स्रोतोरोध यांचा एकत्र विचार करणाऱ्या वैद्याला लसिकावाहिन्यांचा अवरोध समजण्यास अडचण पडू नये.

बाधित डासांच्या दीर्घकाळच्या पुनःपुन्हा दंशांनंतर वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हे कृमी लसिकावाहिन्यांत स्थिरावतात. वाहिन्या विस्फारतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, आणि पायातील लसिका वर चढेनाशी होते. पुढची पायरी चिकित्सेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असून दुर्दैवाने तिचाच विसर पडतो. साचलेल्या लसिकेमुळे त्वचेचे रक्षण दुबळे होते. बोटांच्या बेचक्यातील चिखल्या, भेगा किंवा काट्याची जखम यांतून जंतू शिरतात. ज्वर येतो, जांघेत गाठ येते, पाय लाल व तप्त होतो. माधवकरांनी ज्वरासह वंक्षणात उत्पन्न होऊन क्रमाने पायाकडे उतरणारा शोथ सांगितला आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे. असा प्रत्येक वेग ओसरताना पाय पूर्वीपेक्षा थोडा अधिक जाड व कठीण करून जातो. कृमी मेले तरी हे चक्र थांबत नाही. एक वर्ष उलटलेले व वारुळासारखे झालेले श्लीपद आचार्यांनी वर्ज्य मानले. आपल्याकडे येणारा रुग्ण बहुधा ती मर्यादा ओलांडूनच येतो. पानमळ्यातील मजूर हंगामात खाटेवर पडतो, स्त्रिया लुगड्याच्या घोळात पाय झाकून वर्षे काढतात, आणि घरातील मुलीच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. म्हणून ज्वराचा पुढचा वेग टाळणे हेच आमच्या दृष्टीने श्लीपद-चिकित्सेचे पहिले उद्दिष्ट आहे, आणि ते घरीच साध्य होण्याजोगे आहे.

घरातील उपचार

पाय दररोज, शक्यतो सायंकाळी कामावरून आल्यावर, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा. मांडीपासून खाली न घासता हलक्या हाताने प्रत्येक वळी उघडून आतून धुणे आवश्यक आहे. त्यानंतर मऊ सुती फडक्याने टिपून कोरडे करणे ही धुण्याहूनही महत्त्वाची पायरी होय. बोटांच्या बेचक्यात राहिलेला ओलावा दुसऱ्या दिवशीच्या चिखल्यांना आमंत्रण देतो. कडुनिंब किंवा त्रिफळ्याचा क्वाथ वापरावयाचा असल्यास तो त्याच दिवशी केलेला, गाळलेला व पूर्ण निवालेला असावा. ऊन पाण्याचा शेक मात्र घरी घेऊ देऊ नये. कठीण झालेल्या त्वचेस चटका कळत नाही, आणि भाजलेली जागा म्हणजे जंतूंना मोकळे दार. वातज श्लीपदात शास्त्राने स्नेह-स्वेद सांगितले आहेत हे आम्ही जाणतो. तथापि ते वैद्याच्या देखरेखीत, अक्षत त्वचेवर आणि ज्वरवेग नसतानाच करावेत.

धत्तूर, एरंड, निर्गुंडी, पुनर्नवा, शिग्रू व सर्षप यांच्या प्रसिद्ध लेपाविषयी हेच म्हणावे लागेल. मोहरी आणि धोतरा ओल्या, सोललेल्या त्वचेवर दाह व फोड उत्पन्न करतात. लेप मागावयास आलेल्या गिऱ्हाइकाचा पाय पाहिल्याशिवाय औषधी दुकानदाराने तो देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नित्यानंद रसासारखे हरताळ व हिंगुळोत्थ पारद असलेले कल्प वैद्याच्या पत्राशिवाय दिले जाऊ नयेत. त्यांच्या वेष्टणावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे नियमानेच बंधनकारक आहे. सिरावेध संहितोक्त असला तरी शोथयुक्त पायावर घरगुती परिस्थितीत तो करू नये.

झोपताना पाय हृदयाच्या पातळीहून उंच राहावा. यासाठी उशी निसटते. खाटेच्या पायथ्याकडील दोन पायांखाली एकेक वीट ठेवणे अधिक टिकाऊ ठरते. हृद्रोग्यास मात्र हे सुचवू नये. दिवसा बसल्या बसल्या टाचा उचलणे, घोटा फिरविणे आणि बोटे आखडणे-पसरणे या हालचाली अनेकदा कराव्यात, कारण पोटरीच्या स्नायूंची हालचाल लसिकेला वर ढकलते. अनवाणी पानमळ्यात जाणे बंद झाले पाहिजे. रुंद, आतून मऊ, हवा खेळती राहील असे पादत्राण हवे. ज्वरवेग सुरू होताच हालचाली, मर्दन आणि बंधन तत्काळ थांबवून पाय उंच व थंड ठेवावा आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे प्रतिजैविके द्यावी लागतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

केरळमधील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेने साबणाने धुणे, वनौषधींच्या फांटात पाय बुडविणे, मर्दन, योगासने आणि पट्टबंधन यांची सांगड घालून लसिकाशोथावर काम केले आहे. ही चिकित्सा पुढे रुग्ण व त्याचे कुटुंबीय घरीच चालवितात. आयुर्वेदाचा वाटा तेथे स्वच्छतेच्या जागी नसून तिच्या जोडीला आहे, हे आपल्या व्यवसायबंधूंनी ध्यानात घ्यावे.

अंगण व शेजार

टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधणे हा अतिशय स्वस्त उपाय आहे. सांडपाणी नालीत न सोडता शोषखड्ड्यात मुरविल्यास डासांचे घरच नाहीसे होते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गाव याच मार्गाने डासमुक्त म्हणून नावारूपास आले. साचलेल्या डबक्यात गप्पी मासे सोडता येतात. क्युलेक्स रात्री चावतो, त्यामुळे मच्छरदाणी रुग्णाबरोबर साऱ्या घराला हवी. रुग्णाच्या घरातील इतरांच्या रक्तात सूक्ष्मकृमी असू शकतात, आणि ते रात्रीच्या वेळी रक्तात आढळतात म्हणून तपासणीही रात्रीच होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. शासनाचा नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासूनचा. सामुदायिक औषधोपचार २००४ पासून व्यापक झाला. आणि तीन औषधांचा एकत्रित उपचार महाराष्ट्रात प्रथम नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये देण्यात आला. ज्या वर्षी आपल्या भागात गोळ्या वाटल्या जातील त्या वर्षी ‘आमचा पाय सुजला नाही, आम्ही का खावे’ या प्रश्नाचे उत्तर गावकरी वैद्याकडे किंवा औषधी दुकानात विचारतात. त्या वेळी संदिग्ध बोलणे घातक ठरते. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि अतिआजारी यांना वगळून इतरांनी गोळ्या घ्याव्यात, असेच सांगावे.

घरच्या उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी घोट्याच्या वर ठरावीक अंगुळांवर आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागावर फितीने माप घेऊन महिन्यातून एकदा नोंदवावे. माप सकाळी उठताच, पाय खाली सोडण्यापूर्वी घ्यावे. सायंकाळचे माप सकाळच्या मापाशी ताडून पाहू नये.