पेडलमधला वजनकाटा

राजापुरात सायकल चालवणाऱ्याला स्पीडोमीटरचा तसा काही उपयोग नाही. गाव अर्जुना नदीच्या काठी खळग्यात, त्यामुळे बाहेर पडायचं म्हटलं की चढ. धापा टाकत सड्यावर पोचावं तर समोरून वारा. चढावर ताशी १० किलोमीटरला जीव जातो आणि उतारावर ४० ला पाय नुसते फिरतात. म्हणजे वेगावरून मेहनत कळत नाही. मेहनत मोजायची तर वॅटमध्ये, आणि त्यासाठी पॉवर मीटर लागतो. उलरिश शोबेरर या जर्मन इंजिनिअरने १९८६ साली पहिला चालणारा पॉवर मीटर सायकलवर बसवला. नवा घेणं आपल्या पॉकेटमनीच्या बाहेरचं, म्हणून मी जुना घेतला. त्या खटाटोपात जे शिकलो ते इथे लिहितो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आत काय असतं? दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आपण पट्टीवर स्ट्रेन गेज चिकटवून वजनं टांगली होती ना, तेच! पेडलचा दांडा दाबाने किंचित वाकतो, गेजचा रेझिस्टन्स बदलतो आणि व्हीटस्टन ब्रिज तो बदल पकडतो. ३५० ओहमच्या गेजला ५०० मायक्रोस्ट्रेन दिला (गेज फॅक्टर २ धरून) तर बदल फक्त ०.३५ ओहमचा. एवढ्याशा बदलावर सगळा हिशोब चालतो. त्यातून बल मिळतं. त्याला क्रँकच्या लांबीने आणि कोनीय वेगाने गुणलं की पॉवर.

मीटर क्रँकमध्ये येतो, मागच्या हबमध्ये येतो, पेडलमध्येही येतो. जुना घ्यायचा तर माझं मत पेडलला. क्रँकवाला स्वस्त पडतो, पण तो तुमच्या बॉटम ब्रॅकेटच्या दांड्यावर बसला पाहिजे. माझ्या हायब्रिडला चौकोनी दांडा, बाजारात बहुतेक क्रँक २४ मिलिमीटर गोल दांड्याचे. पेडलचे आटे मात्र जवळजवळ सगळ्या गिअरच्या सायकलींना सारखेच, ९/१६ इंच. उद्या सायकल बदलली तरी पेडल सोबत नेता येतात. एक खर्च मी धरलाच नव्हता : या पेडलना क्लीटचे बूट लागतात. चपला घालून चालवायचा विचार असेल तर इथेच थांबा.

मला डाव्या पायापुरता सेन्सर असलेली जोडी कोल्हापूरच्या एका सायकलवाल्याकडून १८ हजारांत मिळाली. पैसे देण्याआधी दांडा हाताने हलवून बघितला, बेअरिंगमध्ये खडखड नव्हती. फोनला जोडून झीरो ऑफसेट तीनदा घेतला, आकडे जवळपास सारखे आले. ते भलतीकडे उड्या मारत असते तर तसाच परत आलो असतो. जुन्या मालकाच्या अकाउंटवरून पेडल काढून टाकायलाही सांगितलं, हे नंतर फोनवर होत नाही.

बसवायला दहा मिनिटं पुरतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून पाना लावलात तर क्रँकचे आटे जातील. आट्यांना ग्रीस लावायचं, आधी हाताने फिरवायचं आणि मग साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळायचं.

आता खरा प्रश्न. हा जुना काटा खरं बोलतो का? पहिला महिनाभर मी विचारलंच नाही. २० मिनिटांच्या चाचणीत सरासरी २०६ वॅट आले, तो आकडा हॉस्टेलवर सगळ्यांना सांगून झाला. मग एकाने सहज विचारलं, "कॅलिब्रेट केलायस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुट्टीत घरी आल्यावर किराणावाल्या काकांकडे त्यांची जुनी पाच-पाच किलोची दोन वजनं मागितली. सरकारी शिक्का असलेली, त्यापेक्षा चांगलं स्टँडर्ड कुठे मिळणार? काका म्हणाले, "काय रे, सायकल वजनावर विकतोस की काय?" मागचा ब्रेक दोरीने घट्ट बांधला. क्रँक पुढच्या बाजूला आडवा, तोही गवंड्याच्या पाणसळीने बघून. (पाच अंश चुकलं तरी फरक ०.४ टक्केच, पण इंजिनिअर आहोत.) वजन न लावता झीरो घेतला, मग १० किलो पेडलच्या मधोमध टांगले. माझा क्रँक १७० मिलिमीटर, म्हणजे टॉर्क यायला हवा १० × ९.८१ × ०.१७० = १६.६८ न्यूटन-मीटर. ॲपवर आला १७.१७. पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच. सेन्सर बिघडला, १८ हजार पाण्यात, असं वाटून मी पायरीवरच बसलो.

मग भागाकार केला. १७.१७ भागिले १६.६८ म्हणजे १.०२९. आणि १७५ भागिले १७० सुद्धा १.०२९! जुना मालक उंच होता, त्याचा क्रँक १७५ चा असणार. त्याची सेटिंग पेडलमध्ये तशीच राहिली होती. ॲपमध्ये १७० केलं, आकडा १६.७ च्या आसपास आला. सेन्सर ठीक होता, गाढव मी होतो. माझे २०६ वॅट मात्र २०० झाले. हॉस्टेलवर हे सांगणं बाकी आहे.

वजनाची चाचणी सगळ्याच ॲपमध्ये नसते. तेव्हा चढ वापरा. समजा अणुस्कुरा घाटात ५ किलोमीटरमध्ये ३०० मीटर उंची चढलात, वेळ ३० मिनिटं, सायकलसकट वजन ७५ किलो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ७५ × ९.८१ × ३०० भागिले १८००, म्हणजे १२३ वॅट. टायरचे साधारण १२, हवेचे ५, चेनमध्ये थोडे जातात. १४० ते १४५ च्या आसपास सरासरी दिसली तर ठीक. १७० दिसली तर खूश होऊ नका, सेटिंग बघा. वारा नसताना करा, आणि उंची नकाशावरून घ्या, फोनच्या जीपीएसवर विसंबू नका.

एका पायाच्या मीटरची एक खोट राहतेच. तो डाव्या पायाचे वॅट दुप्पट करतो. डावा पाय ४७ टक्केच काम करत असेल तर खऱ्या २०० च्या जागी १८८ दिसतील. रोज तोच पाय, तीच चूक, म्हणून स्वतःची कालच्याशी तुलना करता येते. मित्राशी पैज लावू नये.

आणि आपल्याकडचा पाऊस! जून ते सप्टेंबर बॅटरीच्या झाकणाखालची रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा. सायकल पाइपच्या जोरदार धारेखाली धुवायची नाही, बादली आणि फडकं पुरे.