शाळेपुढील निंबाची छाटणी

नामपूरची मुले बागलाण तालुक्यातील द्राक्षबागांची छाटणी लहानपणापासून पाहतात. द्राक्षास घड येतो तो नव्या फुटीवर. म्हणून त्या वेलीची कडक छाटणी योग्यच होय. परंतु तोच हिशेब शाळेपुढील कडुनिंबास लावला जातो आणि त्याचा शेंडा उडविला जातो. शेळ्यांचा पाला, चुलीचे जळण व विजेची तार ही निमित्तेही असतातच. केवळ कुऱ्हाड धरणाऱ्यास दोष देऊन भागत नाही.

शेंडा तोडलेला निंब लवकरच दाट फुटतो व छाटणी मानवली असे वाटते. वस्तुतः पाने गेलेले झाड साठविलेले अन्न खर्चून ही फूट काढते. या फांद्या सालीलगत उगवतात, त्यांची पकड उथळ राहते आणि खाली उघडे पडलेले लाकूड कुजू लागते. काही वर्षांनी वावटळीत मोडतात त्या ह्याच. आणि सावलीस मुले बसलेली असतात.

फांदी काढणे भागच असेल तर प्रथम हातभर अंतरावर करवतीने खालून थोडे कापावे, मग किंचित पुढे वरून कापून भार उतरवावा. राहिलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या बाहेरून काढावा. जखम त्या वळ्यातूनच भरून येते. भरलेली जखम व कुजका खुंट ही दोन्ही बहुधा गावातील एखाद्या झाडावर वर्गास दाखविता येतात.